डोजेच्या महालात गास्ताल्दी शोधू नका

व्हेनिसमध्ये मुरानोची काच आणि बुरानोची रंगीत घरं सगळेच बघतात. आम्हीही बघितली, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते डोजेच्या, म्हणजे व्हेनिस प्रजासत्ताकाच्या प्रमुखाच्या, महालातल्या 'साला देल्लो स्कूदो' या दालनाबद्दल, कारण तिथली गर्दी बघून अजून चीड येते.

भिंती नकाशांनी भरलेल्या, मधोमध दोन अवाढव्य गोल, एक पृथ्वीचा आणि एक आकाशाचा. लोक आत येतात, आशियाच्या भिंतीसमोर फोटो काढतात आणि 'सोळाव्या शतकातला गास्ताल्दीचा नकाशा पाहिला' असं समाधान घेऊन पुढच्या दालनात जातात. गास्ताल्दी म्हणजे त्या काळचा व्हेनिसमधला नकाशाकार, पण भिंतीवर दिसतो तो गास्ताल्दी नव्हेच. सोळाव्या शतकाच्या मध्याला त्याने इथे आफ्रिका-आशियाचे भित्तिनकाशे केले हे खरं. पण ते पुढे खराब झाले आणि 1762 मध्ये फ्रान्चेस्को ग्रिसेल्लिनीने नव्याने केले. आज दिसते ती अठराव्या शतकातली कामगिरी. ती वाईट नाही, पण गास्ताल्दीची रेघ बघायची असेल तर महालातून बाहेर पडावं आणि कागद शोधावा. प्रजासत्ताकाने मिरवण्यासाठी करून घेतलेली भिंत टिकली नाही. दुकानात विकायला छापलेले कागद मात्र टिकले.

जाकोमो गास्ताल्दी मूळचा पिएमोंतेमधल्या व्हिलाफ्रांकाचा, पेशाने अभियंता. व्हेनिसच्या खाजणातल्या पाण्याच्या प्रश्नांवरही त्याने काम केलं. आपल्या नकाशांवर तो स्वतःला 'पिएमोंतेचा, व्हेनिसमधला कॉस्मोग्राफर' (जगाचं वर्णन आणि नकाशे करणारा) म्हणवून घेतो. आशियात तो कधी गेला नाही. प्राचीन भूगोलकार टॉलेमी, मार्को पोलो, पोर्तुगीज खलाशांच्या हकिकती आणि प्रवासवृत्तांचा संग्राहक रामुसिओ, यांच्या जोरावर तो व्हेनिसमध्ये बसून आशिया काढत होता. म्हणूनच त्याचा किनारा नावांनी गजबजलेला असतो आणि आतला मुलूख डोंगर-नद्यांनी भरून काढलेला. जहाजं जिथे लागली तिथली नावं त्याला मिळाली. घाटावर फारसं कुणी चढलंच नव्हतं, तर दख्खन कुठून येणार?

1548 साली त्याने टॉलेमीची 'जिओग्राफिया' इटालियनमध्ये, हातात मावेल एवढ्या आकारात काढली. भाषांतर मात्तिओलीचं. तोवरच्या टॉलेमीच्या आवृत्त्या मेजावर दोन्ही हातांनी उघडायच्या. या पुस्तकातले साठेक नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले आहेत आणि त्यातला एक आपला, 'कालेकुत नुओवा ताव्होला', म्हणजे कालिकतचा नवा नकाशा. आडवा 17 सेंटिमीटर, उभा 13. एवढ्याशा जागेत हिंदुस्थान! मधोमध घडी असते आणि बांधणी घट्ट असली की घडीतली नावं शिवणीत गडप होतात. सुटी केलेली पानं जुन्या छापचित्रांच्या दुकानांत भेटतात. पुस्तक फाडून पानं विकण्याचा धंदा मला मुळीच पटत नाही, पण घडी उलगडून पाहायला मिळते ती त्यामुळेच.

पाहायचं कसं, ते सांगतो. आपल्या ताम्रपटावर अक्षरं सुलटी, कारण वाचायचा तो पत्राच. इथे वाचायचा तो कागद, म्हणून पत्र्यावर सगळं आरशातल्यासारखं उलटं कोरावं लागतं. कोरणी तांब्यात ढकलत नेतात, वळणावर हात तसाच ठेवून पत्रा फिरवतात. चरीच्या कडेला उठलेली तांब्याची कूस खरवडून काढतात. मग जवसाच्या तेलात खललेली काळी शाई चरीत भरायची, वरचा पृष्ठभाग पुसून लख्ख करायचा, त्यावर ओलसर कागद आणि लोकरीचे नमदे ठेवून दोन रुळांमधून दाबून काढायचं. कागद चरीत शिरतो आणि शाई उचलतो. त्यामुळे अस्सल छापातली रेघ बोटाला किंचित उठावदार लागते आणि चौफेर पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन दिसतो.

चुका इथेच होतात. कोरणाऱ्याने मलबारचं नाव जन्मात ऐकलेलं नाही. पोर्तुगीज हस्तलिखितातून व्हेनिसच्या वळणाने उतरलेला शब्द तो उलटा कोरतोय. रोमन लिपीतले 'एन' आणि 'यू' एकमेकांच्या जागी गेले की गाव ओळखू येत नाही. दुरुस्ती करता येते, पण जिकिरीची: चूक खरवडायची, पत्रा मागून हातोडीने ठोकून खड्डा वर आणायचा, घोटायचा आणि पुन्हा कोरायचं. जुन्या अक्षराची पुसट सावली बऱ्याचदा उरते. भिंगाखाली ती सापडली की मला नकाशापेक्षा तिचाच आनंद जास्त.

मोठ्या नकाशांची वेगळीच गंमत. 1559 ते 1561 दरम्यान आलेला त्याचा तीन भागांतला आशिया फाबिओ लिचिनिओने कोरला, आणि पुढे अँटवर्पचा नकाशाकार ऑर्टेलिअस याने आपल्या आशियासाठी त्याचाच आधार घेतला. असे अनेक तावांचे नकाशे जोडताना किनारे काही मिलिमीटरने चुकतात. त्यात कोरणाऱ्याचा दोष असेलच असं नाही. ओला कागद दाबाखाली ताणला जातो आणि वाळताना आक्रसतो, प्रत्येक ताव आपापल्या मर्जीने.

रामुसिओच्या संग्रहातले नकाशेही गास्ताल्दीचेच. 1554 च्या आवृत्तीत ते लाकडी ठशांवरून छापले होते. 1557 मध्ये जुंतींच्या छापखान्याला आग लागली, ठसे जळाले, आणि 1563 च्या आवृत्तीसाठी तांब्यावर पुन्हा कोरावे लागले. त्यातल्या हिंदी महासागराच्या नकाशात दक्षिण वर आहे. म्हणजे गोवा वर, खंबायत खाली आणि अरबी समुद्र उजव्या हाताला. कोकणातल्या माणसाला क्षणभर गरगरतं. दुकानदार हौसेने तो 'सुलटा' करून दाखवतात, मग अक्षरं डोक्यावर उभी राहतात.

विकत घ्यायचाच असेल तर रंगाला भुलू नका. त्या काळातले इटालियन नकाशे बहुतेक काळ्या शाईतच विकले जात. झगमगीत निळा समुद्र सहसा नंतर कुणीतरी भरलेला असतो. भिंगातून ठिपक्यांची जाळी दिसली तर ते आजचं छपाईयंत्र. कागद उजेडात धरून जाळीच्या तारांच्या रेघा दिसतात का ते बघा. आणि काठ चिकटवलेला असला म्हणून प्रत नाकारू नका. रोममध्ये लाफ्रेरीसारखे विक्रेते गिऱ्हाइकाच्या आवडीचे नकाशे एकत्र बांधून देत. लहान नकाशा मोठ्या बांधणीत बसावा म्हणून त्याला चारी बाजूंनी कागदाच्या पट्ट्या जोडत. त्या जुन्या पट्ट्या असतील तर उलट जादा पैसे द्यायला हरकत नाही.