सीप्लेन रेटिंग झालं, पण फ्लोटचे तास आणायचे कुठून?

सीप्लेन पायलटच्या नोकरीच्या फॉर्मवर एक रकाना होता : फ्लोटवरचे पीआयसी तास. फ्लोट म्हणजे विमानाला चाकांऐवजी लावलेले तरंगणारे पोकळ पाय, आणि पीआयसी म्हणजे पायलट-इन-कमांड, विमानाचा जबाबदार पायलट. मी ०.९ भरलं तर फॉर्म पुढे सरकेना. लाल अक्षरांत आलं, पूर्ण आकडा लिहा. १ लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि तासांच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही हे मी पहिल्या दिवसापासून पाळलंय. शून्य लिहिलं. चार मिनिटांत ईमेल आला : आपण पात्र नाही. बाकीची पानं कुणी उघडूनही पाहिली नसणार. या गोष्टीला काही वर्षं झाली, पण तो ईमेल आठवला की अजून डोकं तापतं.

मी मूळचा मालवणकडचा. बायको जन्माने अमेरिकन, त्यामुळे ग्रीन कार्ड लवकर मिळालं आणि कमर्शियल लायसन्स फ्लोरिडात झालं. हे आधीच सांगतो, कारण विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना पुढची नोकरीची गोष्ट तशीच्या तशी लागू होणार नाही.

सीप्लेन रेटिंग, म्हणजे लायसन्सवर मिळणारी पाण्यावरच्या विमानांची जोड परवानगी, अडीच दिवसांत झाली. फ्लोरिडातल्या विंटर हेवनच्या तळ्यांवर, फ्लोट लावलेल्या पायपर कब या छोट्या विमानात. जमिनीवरच्या विमानांचं लायसन्स आधीच असल्यामुळे लेखी परीक्षा नाही. तोंडी आणि प्रत्यक्ष उड्डाण, बस. मजा खूप आली, कारण पाणी ओळखीचं होतं. सीप्लेनला पाण्यावर ब्रेक नसतात. इंजिन चालू झालं की विमान निघालंच. धक्क्याला लागताना इंजिन आधीच बंद करायचं आणि उरलेल्या वेगावर होडीसारखं अलगद टेकायचं. वारा जोरात असला तर नाक वाऱ्याकडे ठेवून, पंख आणि सुकाणू वापरून मागे मागे जात किनारा गाठायचा. आमच्या आजोबांची होडी होती. मतलई वारा कधी पडणार हे ते पाण्याच्या रंगावरून सांगायचे. तेच वाचन मला इथे उपयोगी पडलं. अवघड गेलं ते एकच, आरशासारखं स्थिर पाणी. उंची कळतच नाही. किनाऱ्यालगत राहून, इंजिनची थोडी ताकद ठेवून, मिनिटाला दीडशे फुटांपेक्षा जास्त नाही अशा वेगाने उतरत राहायचं, पाणी लागेपर्यंत. घाई केली की घात.

तर लॉगबुकात ५.३ तास शिकण्याचे आणि ०.९ परीक्षेचा. शिकताना रेटिंग हातात नसतं, म्हणून ते तास पीआयसी धरता येत नाहीत. परीक्षेचा तेवढा माझा. मला वाटलं, अजून पन्नास तास स्वतः भाड्याने उडवू, मग अर्ज करू.

इथेच अडलं. जमिनीवरचं सेसना १७२ कुठेही भाड्याने मिळतं. फ्लोटवालं विमान एकट्याला कुणी देत नाही. मी फ्लोरिडापासून मिनेसोटापर्यंत चौदा ठिकाणी फोन केले, वहीत नोंद आहे. तेरा जण म्हणाले, शिक्षक शेजारी असेल तरच. चौदाव्याने विचारलं, फ्लोटवरचे शंभर तास आहेत का? मी म्हटलं, तेच तर मिळवायला विमान मागतोय. तो म्हणाला, आमच्या विमा पॉलिसीत तसं लिहिलंय.

हा विमा म्हणजे नेमकं काय ते मला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर सांगतो. सरकारी नियम बघितले तर दिवसा, डोळ्यांनी बघून उडायच्या चार्टरवर, म्हणजे भाड्याच्या फेऱ्यांवर, पायलट-इन-कमांड व्हायला एकूण ५०० तास लागतात, त्यातले १०० क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे, आणि त्या शंभरातले २५ रात्रीचे. त्यात फ्लोटच्या तासांचा उल्लेख नाही. शिक्षकाचं प्रमाणपत्र आणि सीप्लेन रेटिंग असेल तर सीप्लेन शिकवायलाही कायद्याची आडकाठी नाही. म्हणजे कायद्याने मी जवळजवळ मोकळा. पण प्रत्येक विमानाच्या पॉलिसीत एक कलम असतं, ओपन पायलट वॉरंटी. अमुक एकूण तास, अमुक फ्लोटचे तास, त्याखालचा माणूस विमानात पायलट म्हणून बसला तर विमा नाही. ते आकडे विमा कंपनी ठरवते. नोकरी देणारा हताश, भाड्याने देणारा हताश, आणि विमावाल्याशी आपला काही संबंधच नाही. तो आपल्याशी बोलतही नाही. मी एका एजंटला फोन लावला होता. त्याने अत्यंत सभ्यपणे सांगितलं की तुम्ही आमचे ग्राहक नाही.

दोन महिने याच चक्रात गेले. फॉर्म भर, शून्य लिही, नकार वाच. रात्री जेवताना बायको म्हणाली, ‘अरे, त्या फॉर्मला तू दिसतच नाहीयेस. माणसासमोर जाऊन उभा राहा ना.’

त्या हिवाळ्यात मी जमिनीवरच्या विमानांचा शिक्षक झालो, एकूण तास वाढायला लागले. मे महिन्यात अलास्कातल्या केचिकनला धक्क्यावरचा कामगार म्हणून गेलो. पायलट म्हणून नाही. सामान चढवणं, पेट्रोल भरणं, दोर बांधणं, आणि रोज सकाळी फ्लोटच्या प्रत्येक कप्प्यातलं पाणी हातपंपाने उपसणं. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पहिल्या आठवड्यात मला आषाढातलं मालवणच आठवत होतं. भिजलेल्या हातांनी दोर घट्ट बांधता येतो हे मुख्य पायलटने तिसऱ्या दिवशी पाहिलं. जूनच्या शेवटी त्याने विचारलं, ‘तुझ्याकडे सीप्लेन रेटिंग आहे ना? मग रिकामं विमान परत आणायला चल.’

प्रवासी नसलेल्या त्या फेऱ्यांत सेसना १८५ मी उडवायचो, तो शेजारी. रेटिंग होतं म्हणून ते तास पीआयसी म्हणून माझ्या नावावर लिहिता आले. मोसम संपेपर्यंत ३८ तास झाले. मला विचाराल तर रेटिंगचा खरा उपयोग तिथे झाला, त्याआधी एकदाही नाही. (१८५ साठी हाय परफॉर्मन्स एंडॉर्समेंट लागतं, म्हणजे जास्त ताकदीच्या इंजिनाचं विमान उडवायला शिक्षकाने लॉगबुकात दिलेली मंजुरी. माझं नव्हतं, त्यात एक आठवडा वाया गेला. आधीच घेऊन ठेवा.)

पुढच्या वर्षी माझे एकूण ७०० तास झाले होते, फ्लोटचे पीआयसी तास अजूनही चाळिसाच्या आत. मुख्य पायलटने विमावाल्याला स्वतः फोन केला, याला मी पंचवीस तास शिकवीन, याचं नाव पॉलिसीत घाला, म्हणाला. दहा मिनिटांत काम झालं. मी धक्क्यावर उभा होतो. फोन ठेवून त्याने नुसती मान हलवली आणि मला खाली बसावं लागलं.

बारामती, धुळे, गोंदियाकडची मुलं विचारतात, भारतात याचा काय फायदा? २०१४ साली जुहूहून पवना धरणावर सीप्लेन सुरू झालं होतं. ३१ ऑक्टोबर २०२० ला साबरमती ते केवडिया सुरू झालं. दोन्ही टिकली नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये विजयवाडा ते श्रीशैलम प्रात्यक्षिक झालं, पण त्यावर विसंबून आज पैसे घालू नका. मालदीवमध्ये काम मोठं आहे, मात्र तिथलं ट्विन ऑटर दोन इंजिनांचं. एका इंजिनाचं रेटिंग त्याला चालत नाही.

एक राहिलंच. परीक्षा कमर्शियल पातळीवरच द्या. प्रायव्हेट असताना दिलीत तर पाण्यावर पैसे घेऊन उडण्याचा हक्क मिळत नाही, नंतर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. माझ्याबरोबरच्या एकाला ती दोनदा द्यावी लागली. आणि अलास्कात जायचं असेल तर फोन जानेवारीतच करा. एप्रिलपर्यंत धक्क्यावरच्या जागाही भरलेल्या असतात.