सहावी तार काढल्यावर

रॉकवाल्याचं आत्मचरित्र हातात पडलं की चाहता आधी मधली फोटोंची पानं उलटतो, मग सूचीत लाडक्या गाण्याचं नाव शोधतो आणि बालपण पुढे कधीतरी वाचू म्हणून सोडून देतो. यात लाजण्यासारखं काही नाही. पण 'रोलिंग स्टोन्स' या इंग्लिश बँडचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स याचं २०१० साली आलेलं आत्मचरित्र असं चाळलं, तर बँडचा गायक मिक जॅगरशी झालेली भांडणं आणि नशापाणी एवढंच हाती लागतं. भांडणाची दुसरी बाजू इथे मिळणार नाही. गिटारबद्दल लिहिलेलं मात्र तिथल्या तिथे पडताळता येतं.

ओपन जी ट्यूनिंगचा, म्हणजे मोकळ्या तारा जी मेजरच्या सुरांत लावण्याचा भाग आला की पुस्तक उपडं ठेवावं आणि गिटार मांडीवर घ्यावी. जाड सहावी तार काढून टाकायची. पाचवी ए वरून जी वर, पहिली ई वरून डी वर उतरवायची. मधल्या तिघींना हात लावायचा नाही. आता मोकळ्या तारा नुसत्या छेडल्या तरी अख्खा जी मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजतो. पाच तारांच्या बँजोचे सूरही हेच. ही वाट अमेरिकन गिटारवादक राय कूडरने दाखवली, हे कीथ मोकळेपणाने कबूल करतो. सहावी ठेवली तर ती डी ला लावावी लागते, मग तळाशी जी ऐवजी डी घुमत राहतो आणि सगळं गढूळ होतं.

नव्याने करणाऱ्यांच्या तारा पाच मिनिटांत सुरातून सरकतात. सूर खाली आणून तिथेच थांबलं की खुंटीच्या दातांत ढिलाई उरते. म्हणून थोडं जास्तच खाली जाऊन वर चढवत यायचं. तरंगता ब्रिज, म्हणजे तारा अडकवलेली पट्टी स्प्रिंगांच्या ताणावर हलती असली तर विचारूच नका. एक तार गेली, दोन सैल झाल्या, की मागच्या स्प्रिंगा ओढतात आणि बाकीच्या तारा चढतात. कीथच्या 'मिकॉबर' नावाच्या टेलिकास्टर इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिज पक्का आहे, तिला ही कटकट नाही.

आता पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तर्जनी आडवी टाका: सी मेजर. ती न उचलता मधलं बोट दुसऱ्या तारेवर सहाव्या फ्रेटला, अनामिका चौथ्या तारेवर सातव्याला. ही दोन बोटं टेकवा, उचला. १९८१ चं 'स्टार्ट मी अप' सुरू झालंच म्हणून समजा!

'स्ट्रीट फायटिंग मॅन'बद्दलचा मजकूर हेडफोन लावूनच वाचावा. १९६८ च्या त्या गाण्यातला कडक, फाटका आवाज इलेक्ट्रिक गिटारचा नाहीच. फिलिप्सच्या छोट्या कॅसेट रेकॉर्डरसमोर अकूस्टिक गिटार वाजवली, त्याला झेपणार नाही इतकी जोरात, आणि तो चिरकलेला आवाज स्पीकरवरून पुन्हा स्टुडिओच्या टेपवर घेतला. ब्रायन जोन्सची सतार आणि तंबोराही आहेत. इलेक्ट्रिक वाद्य एकच, बेस, तोही कीथनेच वाजवलेला. पान मुडपून गाणं परत लावलं की प्रत्येक फटकाऱ्यामागे लाकूड ऐकू येतं.