तुम्ही विचारलंत म्हणून: खेळतात पोट्टे, मग कोच काय करतो?

रविवारी सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर हा प्रश्न हमखास येतो. रात्री उशिरापर्यंत फुटबॉलची मॅच बघून सगळ्यांचे डोळे लाल असतात, हातात प्लेट असते, आणि कोणीतरी विचारतंच, "भाऊ, मैदानात तर अकरा पोट्टे पळून राहिले, मग हरले की कोचला काहून काढतात? त्याचा खरंच एवढा हात असते का?" ऑफिसातही हेच विचारतात, भाचा तर दर आठवड्याला विचारतो. दरवेळी माझं उत्तर अर्धवट राहतं कारण पोहे थंड होतात आणि घरून फोन येतो, म्हणून आज बसून नीट लिहून टाकतो.

आधी एक शब्दाचा घोळ. आपल्याकडे लोकल टीमचा मॅनेजर म्हणजे जो फॉर्म भरतो, वयाचे दाखले सांभाळतो, हाफटाइमला केळी आणि ग्लुकोजचं पाणी आणतो तो माणूस (आणि तो नसला तर टीम मैदानापर्यंत पोचतच नाही, हेही खरं). इंग्लंडात मॅनेजर म्हणतात तो आपला कोच, ज्याला आपण सर म्हणतो. मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसनसारखा जुन्या पठडीतला असला तर कोणता खेळाडू घ्यायचा, कोणाला विकायचं हेसुद्धा तोच बघायचा, आता बहुतेक मोठ्या क्लबांत त्यासाठी वेगळी माणसं असतात. मी इथे त्या सरबद्दलच बोलतोय.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. मॅचच्या दिवशी तो लाइनवर उभा राहून हातवारे करतो त्याचा परिणाम आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो, आणि आठवडाभर सकाळी, कोणी बघत नसताना तो जे करतो त्याचा परिणाम आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच जास्त. आपण चुकीच्या वेळी बघतो म्हणून आपला हिशोब चुकतो.

पैशाचं आधी बघू, कारण त्याला टाळून हा विषय बोलताच येत नाही. स्टीफन शिमान्स्की नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1978 ते 1997 या काळातले 40 इंग्लिश क्लब घेतले आणि कोण खेळाडूंना किती पगार देतो आणि लीगमध्ये कितवा येतो हे जोडून बघितलं, तर क्लबाक्लबातला जवळजवळ 92 टक्के फरक नुसत्या पगारावरून समजत होता. एका सीझनपुरतं हे नातं सैल असतं, पण वर्षानुवर्षांचं बघितलं तर जो जास्त पगार देतो तो वर. म्हणजे उरलेल्या थोड्याशा जागेत कोच, नशीब, दुखापती, रेफरी सगळ्यांनी दाटीवाटीने बसायचं. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

आणि कोच बदलला की टीम जिंकायला लागते, ते? त्याचंही ऐका. नवतपात पारा 46 वर गेला की घरातले सगळे वैतागतात, मग कोणीतरी कूलरची खस बदलतं, आणि आठवडाभरात आभाळ येऊन गारवा पडतो. आता गारवा खसने आणला का? टीमचंही तसंच आहे, कोचला काढतात ते चार-पाच मॅच सलग हरल्यावर, म्हणजे सगळ्यात वाईट वेळी, आणि तिथून बहुतेक टीमा तशाही थोड्या वर येतातच. बास तेर वेल नावाच्या डच अर्थतज्ज्ञाने नेदरलँड्सच्या लीगमध्ये हे तपासलं, ज्यांनी कोच काढला ते क्लब एका बाजूला आणि तेवढेच घसरूनही ज्यांनी कोच ठेवला ते दुसऱ्या बाजूला, तर दोघेही सारखेच सावरले होते. म्हणून पोह्याच्या ठेल्यावर "काढा त्याला" सुरू झालं की मी गप्प बसतो, माझं मन त्यात लागत नाही.

पण मग कोच म्हणजे नुसता शोभेचा? नाही ना! इथेच माझं आणि त्या आकड्यांचं थोडं भांडण आहे.

लेस्टर सिटी घ्या. 2015-16 मध्ये रानिएरीच्या हाताखाली इंग्लंडची लीग जिंकली, सुरुवातीला सट्ट्यात त्यांचा भाव होता एकाला पाच हजार. पुढच्या सीझनमध्ये तोच कोच, जवळपास तीच टीम, फक्त एन्गोलो कांते हा मिडफिल्डर चेल्सीला गेला, आणि लेस्टर इतकी घसरली की फेब्रुवारी 2017 मध्ये रानिएरीला काढलं, लीग जिंकून नऊ महिनेच झाले होते. तिकडे चेल्सी, जी आदल्या वर्षी दहावी होती, ती चॅम्पियन झाली. सरळ हिशोब दिसतो ना, की जे काय होतं ते कांतेमध्ये होतं. आमच्यातला एक जण हेच उदाहरण देऊन मला दरवेळी गप्प करायला बघतो.

मी त्याला म्हणतो, थांब, त्याच वर्षी चेल्सीत कॉन्ते हा कोचही नवीन आला होता. सप्टेंबर 2016 मध्ये आर्सेनलने चेल्सीला 3-0 ने मारलं, कांते त्या मॅचमध्ये होताच की! हाफटाइमलाच 3-0 होतं, दुसऱ्या हाफमध्ये कॉन्तेने मागे तीन डिफेंडर करून टाकले, मग तीच पद्धत पुढे नेली आणि लीगमधल्या सलग 13 मॅच जिंकल्या. उजव्या बाजूला, जिथे वरखाली पळून पळून फुप्फुसं बाहेर येतात, तिथे त्याने व्हिक्टर मोझेसला लावलं. हा मोझेस आधीची तीन वर्षं लिव्हरपूल, स्टोक, वेस्ट हॅम असा उसना दिला जात होता, चेल्सीला तो नकोच होता, आणि एका सीझनमध्ये तो चॅम्पियन टीमचा रोजचा खेळाडू झाला. त्याचे पाय तेच होते. कोणीतरी त्याला बघून ठरवलं की हा माणूस इथे उभा राहिला पाहिजे.

हे "इथे उभा राहा" मला फार जवळचं आहे, ते का हे सांगतो.

1998 ची गोष्ट. मी आमच्या मोहल्ल्याच्या टीममध्ये फॉरवर्ड खेळायचो, पळायचो जोरात, गोल मात्र मारायचो क्वचित. आमचे सर रेल्वेत होते, ड्युटी सांभाळून सकाळी साडेपाचला मोतीबागकडच्या एका मैदानावर यायचे, कारण मे महिन्यात सात वाजले की तिथे उभं राहवत नाही. एक दिवस त्यांनी मला लेफ्टबॅकला, म्हणजे मागच्या ओळीत डावीकडे, टाकलं. मला इतका राग आला की दोन दिवस गेलोच नाही, मागे खेळणं म्हणजे शिक्षा असंच आम्हाला वाटायचं. तिसऱ्या दिवशी गेलो तर सरांच्या सायकलच्या हँडलला निळी नायलॉनची दोरी, कपडे वाळत घालायची असते ती. आम्हा चौघा डिफेंडरांच्या कमरेला त्यांनी ती बांधली, दोघांच्या मध्ये साधारण आठ-दहा पावलांचं अंतर, आणि स्वतः बॉल घेऊन समोर चालायला लागले. ते डावीकडे गेले की आम्ही चौघांनी डावीकडे सरकायचं, ते मागे गेले की आम्ही पुढे. एक जण जरी उशिरा हलला तरी दोरीचा झटका बाकी तिघांच्या कमरेला बसायचा, पहिल्या दिवशी तर सगळ्यांच्या कमरेवर लाल वळ उठले होते. ओरडणं नाही, शिव्या नाहीत, सर फक्त चालत राहायचे. तीन आठवडे रोज अर्धा तास हेच. मग दोरी सोडली तरी आम्ही बांधल्यासारखेच हलायचो, शेजारचा किती लांब आहे हे न बघता कळायचं. आदल्या वर्षी आम्ही मॅचला दोन-तीन गोल खायचो, त्या सीझनमध्ये बहुतेक मॅचमध्ये एकही नाही. पोट्टे तेच होते, बूटही तेच फाटलेले.

आणि मॅचमध्ये सर काय करायचे? काहीच नाही हो, छत्री घेऊन लाइनवर बसून राहायचे. समोरच्या टीमचा कोच घसा फोडून ओरडायचा, म्हणून लोकांना वाटायचं तोच जास्त मेहनत करून राहिला.

हाफटाइमला कोच सगळं फिरवतो ही जी आपली आवडती कल्पना आहे, तिचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे 2005 ची इस्तंबूलची चॅम्पियन्स लीगची फायनल, लिव्हरपूल विरुद्ध एसी मिलान. आमच्याकडे रात्री एकच्या सुमारास हाफटाइम झाला होता, बाबा उठू नयेत म्हणून टीव्हीचा आवाज बंद आणि कूलरचा आवाज चालू, एसी मिलान 3-0 ने पुढे. लिव्हरपूलचा कोच बेनितेझ, त्याने हामान या मिडफिल्डरला आणलं, मागे तीन केले, सहा मिनिटांत तीन गोल झाले आणि लिव्हरपूल पेनल्टीवर जिंकलं. पण त्याच हाफटाइमचं ऐका, बेनितेझने आधी त्राओरे या डिफेंडरला बाहेर बसायला सांगितलं होतं, मग फिजिओने येऊन सांगितलं की फिनन या दुसऱ्या डिफेंडरला दुखापत आहे, म्हणून फिनन बाहेर गेला आणि त्राओरे राहिला. त्याच त्राओरेने पुढे गोललाइनवरून बॉल काढला. म्हणजे बेनितेझचं डोकं होतंच, तो मोठाच कोच, पण त्या पंधरा मिनिटांत फिजिओचाही वाटा होता आणि दैवाचाही.

आपल्या देशाचं बोलायचं तर सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे शाळामास्तर आणि भारताच्या फुटबॉल टीमचे कोच. 1951 ला एशियाडचं सुवर्ण, 1956 च्या ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर, 1962 ला जकार्तात परत सुवर्ण. जकार्तात जर्नेल सिंग हा आपला मुख्य डिफेंडर थायलंडच्या मॅचमध्ये डोक्याला लागून जखमी झाला, टाके पडले. दुसऱ्या कोणी त्याला बसवलं असतं किंवा देवाचं नाव घेऊन मागेच खेळवलं असतं. रहीमसाहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केलं! त्याने सेमीफायनलला गोल मारला, फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध मारला, आपण 2-1 ने जिंकलो. तेव्हा रहीमसाहेबांना कॅन्सर होता, पुढच्याच वर्षी ते गेले, आणि एशियाडचं फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला त्यानंतर मिळालेलं नाही. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, बलराम अशी माणसं होती त्या टीममध्ये, म्हणजे खेळाडू भारी होतेच, हे मला मान्य आहे. पण डोक्याला टाके घातलेल्या डिफेंडरमधला फॉरवर्ड बघायला तो मास्तरच लागला.

पैसा कमी असतो तिथे हे जास्त चालतं असं माझं मत आहे. खालिद जमील बघा, 2016-17 ला मिझोरामच्या आयझॉल एफसीला त्याने आय-लीग ही देशातली लीग जिंकून दिली, जो क्लब आदल्या वर्षी खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला होता आणि नंतर लीगमध्ये परत घेतला गेला होता. जयेश राणे, आशुतोष मेहता हे मुंबईत त्याच्याकडे खेळलेले पोट्टे तिथे होते, त्याला त्यांचं खरं काम माहीत होतं. मग तोच जमील पुढच्या वर्षी ईस्ट बंगालला गेला, मोठा क्लब, मोठं नाव, आणि लीग काही आली नाही. ब्रायन क्लॉफ या इंग्लिश कोचचं याहून टोकाचं आहे, 1974 ला लीड्स या चॅम्पियन टीममध्ये तो 44 दिवस टिकला, आणि दुसऱ्या डिव्हिजनमध्ये रखडलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला त्याने 1979 आणि 1980 असा दोनदा युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) मिळवून दिला. माणूस एकच. म्हणून "हा कोच चांगला का" या प्रश्नाला मी नेहमी विचारतो, कोणत्या टीमला?

आणि वेळ. फर्ग्युसन नोव्हेंबर 1986 ला आला, पहिली लीग यायला साडेसहा वर्षं लागली, मध्ये एकदा तर टीम तेरावी होती. आज कोण थांबेल? 2013 ला 11 पॉइंट पुढे राहून लीग जिंकून तो गेला आणि बऱ्यापैकी त्याच खेळाडूंची टीम पुढच्या वर्षी सातवी आली. त्याच्याबरोबर क्लबचा मुख्य अधिकारी डेव्हिड गिलही गेला होता, स्कोल्स रिटायर झाला होता, बाकीच्यांची वयं झाली होती, सगळं मान्य, तरी पहिल्यावरून सातवा म्हणजे खूप झालं.

आमचंही तसंच झालं म्हणून मला हे इतकं कळतं. सीझन संपायच्या आधी सरांची बिलासपूरला बदली झाली. नवीन आले ते माणूस म्हणून चांगले होते, मेहनती होते, त्यांनी मला पळताना बघितलं आणि म्हणाले, "एवढा फास्ट पोट्टा मागे काहून ठेवला?" परत फॉरवर्ड. मी तर हवेतच होतो, घरी जाऊन आईला सांगितलं. पहिल्या दोन मॅच जिंकलो, एक गोल माझा, मोहल्ल्यात सगळे म्हणाले नवीन सर आले आणि टीम सुटली. मग तिसरी हरलो, चौथी हरलो, पाचव्या मॅचमध्ये चार गोल खाल्ले आणि चारही आमच्या डाव्या बाजूने, मी पुढे उभा राहून बघून राहिलो होतो.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी शेजारच्या काकूंनी हाक मारली, आमच्याकडे फोन नव्हता, त्यांचाच पीपी नंबर दिलेला होता. बिलासपूरहून सर होते, एसटीडी बूथवरून, मागे गाडीची अनाउन्समेंट ऐकू येत होती. कसा आहेस, बारावीचा अभ्यास करतो का, असं काही नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "लेफ्टबॅकला कोण खेळून राहिला?"