आबा तीन महिने खुर्चीत झोपत होते

आबांना फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला तो चौथ्या स्टेजलाच. रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारणारा माणूस. पुढं केमो, सीटी स्कॅन, रक्ताचे रिपोर्ट यातच सहा महिने गेले आणि पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करायच्या डॉक्टरांकडं पाठवलं ते केमो बंद केल्यावर, आबा जायच्या अठरा दिवस आधी.

त्या डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं तर, झोप लागते काय. आबा म्हणाले, पाठीत कळ येते, आडवं होता येत नाही, तीन महिने खुर्चीतच बसून रात्र काढतोय. आम्ही त्याच घरात. आईला माहीत होतं पण आबांनीच तिला सांगितलेलं, पोरांना बोलू नको, डॉक्टर केमो थांबवतील.

मॉर्फिन सुरू झालं, थोड्या डोसनं, दर चार तासांनी, सोबत पोट साफ व्हायचं औषध. तिसऱ्या रात्री आबा आडवे झोपले. सकाळी पांढरा रस्सा मागितला, घेतला दोनच चमचे, पण मागितला.

आमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी मधे एकदा पॅलिएटिव्ह केअरचा विषय काढलेला. थोरला भाऊ म्हणाला, म्हणजे तुम्ही हात टेकले काय? मग ते परत बोललेच नाहीत. मी पण गप्प बसलो, ते मला अजून सलतं.

नंतर वाचलं. बोस्टनमधे असेच पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचे १५१ पेशंट घेऊन अभ्यास झालेला, २०१० ला छापून आला. ज्यांना सुरुवातीपासूनच केमोसोबत पॅलिएटिव्ह केअर मिळाली त्यांना उदासी कमी, शेवटी शेवटी भारी औषधांचा मारा कमी, आणि तरी जगले साधारण ११.६ महिने, बाकीचे ८.९. अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेनं तर २०१६ लाच सांगितलेलं, पसरलेला कॅन्सर असेल तर निदानापासून ८ आठवड्यांत पाठवा. म्हणजे केमो चालू आहे का बंद हे बघायचंच नाही. दुखणं आटोक्यात येईना, मेंदूत किंवा मणक्यात पसरलाय, पहिली केमो फसल्यावर दिलेली दुसरी केमोपण लागू पडेना, किंवा माणूस म्हणायला लागला की मला सोडवा आता, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी चिठ्ठी मागा. डॉक्टर आपणहून बोलेनात तर तुम्हीच विषय काढा.

परवा शाहूपुरीतल्या आत्तेबहिणीचा फोन आला, सासऱ्यांची पहिली केमो सोमवारी आहे म्हणून. मी म्हटलं, रात्री नीट झोपतात काय ते विचार आधी. ती जरा थांबली नि म्हणाली, दादा, ते बसूनच असतात.

सोमवारी मी जातोय तिच्यासोबत.