एम्प्रेस मिलपासून सुरुवात करू नका: नागपूरच्या कामगार वस्त्यांची सहल

नववीच्या 38 मुलांना शहराचा कामगार-इतिहास दाखवायला नेलं होतं. आम्हाला मिळालेला आराखडा चुकीचा होता. 'गांधीसागराजवळच्या एम्प्रेस मिलपासून निघा, पायी दीड तासात इंदोऱ्याला पोहोचता,' असं सांगणारा माणूस त्या रस्त्याने कधी चालला नसणार.

मुळात मिलच उरलेली नाही. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांनी सुरू केलेली मिल 2002 मध्ये बंद झाली, आता तिथे मॉल आहे. मुलांचं लक्ष सरकत्या जिन्याकडे आणि मी मिलचे व्यवस्थापक बेझनजी मेहतांबद्दल, कामगारांसाठीच्या 1886 च्या पेन्शन फंडाबद्दल बोलतोय. अर्धा तास वाया गेला.

मग गोळीबार चौकातून इंदोऱ्याकडचा पट्टा. पाचपावलीजवळ रस्ता खोदलेला, फुटपाथ नाही, ट्रक अंगाला घासून जातात. साडेअकराच्या उन्हात एक मुलगी घेरी येऊन खाली बसली. वीस वर्षं मुलांना फिरवतोय, इतका कधी घाबरलो नव्हतो. हा तुकडा पायी करू नका, धडधाकट मुलं असली तरी नाही. बसवाल्याला बोलावलं तर ठरलेल्या 4,500 वर त्याने 'वेटिंग'चे 1,500 लावले. मुलं उन्हात, द्यावेच लागले. वेटिंगचा दर आधी कागदावर लिहून घ्या.

हे सगळं सोसूनही सहल सार्थकी लागली, ती त्याआधी सकाळी तांडापेठेत गेलेल्या एका तासामुळे. हलबा कोष्टी विणकरांच्या वस्तीतल्या एका जुन्या मिल कामगाराने कपाटातून धोटा (मागावर आडवा धागा नेणारी शटल) काढला. लाकूड हाताळून गुळगुळीत झालेलं, टोकं लोखंडी, कडेला बारीक भोक. धागा तुटला की त्या भोकाला तोंड लावून नवा धागा ओढायचा, हे त्यांनी करून दाखवलं. तेव्हा मी सांगितलं की मुंबईच्या गिरण्यांत याच कारणाने, एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला लावायचा म्हणजे विटाळ म्हणून, दलित कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. वर्ग गप्प झाला. इंदोऱ्याच्या दलित वस्तीतला एक मुलगा म्हणाला, "सर, माझे पणजोबा एम्प्रेसमध्ये होते. ते कोणत्या खात्यात असतील?" मला उत्तर देता आलं नाही. धोटा दाखवणारे आजोबा म्हणाले, "घरी जाऊन विचार. इकडचं तिथंच कळेल."

म्हणून क्रम असा ठेवा: आठला तांडापेठ, मग मोमिनपुरा (उत्तरेकडून आलेल्या मोमिन विणकरांची वस्ती; शुक्रवारी दुपारी नको), तिथून बसने बेझनबाग आणि इंदोरा. बेझनबागेची पाटी दिसली की बेझनजींचं नाव सांगा, तिथे ते मुलांच्या डोक्यात बसतं. त्यानंतर दीक्षाभूमी. याच मिल वस्त्यांतली कितीतरी कुटुंबं 14 ऑक्टोबर 1956 ला तिथे होती, हे वस्ती पाहून आलेल्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. मॉल शेवटी, दहा मिनिटं. जेवायला सावजीच्या तिखट जेवणाला नेलंत तर रस्सा वेगळा मागा, लहान मुलांना तो झेपत नाही.

दुसऱ्या दिवशी महाल भागातला गोंड किल्ला आणि अजब बंगला (मध्यवर्ती संग्रहालय). दोन्ही ठीक.

मार्चनंतर जाऊ नका. ज्यांच्या घरी जायचं त्यांना दोन दिवस आधी स्वतः भेटून या, आणि एका वेळी 20 च्या वर मुलं आत नेऊ नका. आमच्या शेवटच्या रांगेतल्या मुलांच्या हातात धोटा आलाच नाही.