लोंबकळत राहिलेला दोर

प्लिमथचा जगप्रसिद्ध खडक बघून मी सुनेला विचारलं, "एवढाच?" ती हसली. म्हणाली, "आई, सगळे हेच विचारतात." वर ग्रॅनाइटच्या खांबांचा मंडप, खाली खड्ड्यात वाळू आणि वाळूत पडलेला एक धोंडा. त्यावर 1620 कोरलेलं. त्या साली मेफ्लॉवर जहाजातून इंग्लंडहून अमेरिकेत वसाहत करायला आलेली माणसं याच धोंड्यावर उतरली, असं सांगतात. आमच्या आळीतल्या पाटावरवंट्यांच्या दुकानाबाहेर याहून मोठे दगड पडलेले असतात. फोटो काढला आणि पुढे निघालो.

मुलाकडे बॉस्टनजवळ राहायला आलो, की मला बागा दाखवतात आणि यांना म्युझियम. प्लिमथला मात्र यांनीच हट्ट धरला, कारण तिथे मेफ्लॉवरची हुबेहूब प्रतिकृती धक्क्याला उभी आहे. आमचे हे तीस वर्षं मालवाहू जहाजांवर होते, निवृत्त होताना सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. लाकडी शिडाचं जहाज म्हणताच सकाळी साडेसहालाच बूट घालून तयार. बॉस्टनपासून पासष्ट किलोमीटर. अकराच्या आत आम्ही डेकवर होतो.

ही 'मेफ्लॉवर दुसरी' इंग्लंडमध्ये बांधली आणि 1957 मध्ये खरोखर समुद्र ओलांडून इथे आली. लांबी तीसेक मीटर. मूळ जहाजावर 102 प्रवासी होते आणि प्रवास 66 दिवसांचा. डेकखालच्या मजल्यावर उतरले तर मलाही मान वाकवावी लागली, आणि माझी उंची पाच फूट एक इंच. तिथेच झोपणं, तिथेच ओकाऱ्या, तिथेच मुलंबाळं. वादळात वर जायची मुभा नसे.

तरी एकजण वर गेला. जॉन हाउलंड. विशीतला तरुण, हंटिंगडनशायरमधल्या फेनस्टंटनचा. जॉन कार्व्हर या वजनदार गृहस्थांचा नोकर म्हणून जहाजावर चढलेला. वसाहतीचे पुढे गव्हर्नर झालेले विल्यम ब्रॅडफर्ड यांनी लिहून ठेवलंय, की वादळ इतकं होतं की शिडं उतरवून जहाज नुसतं लाटांवर सोडून दिलं होतं. हाउलंड वर आला, जहाज कललं, आणि हा समुद्रात. पण वरच्या शिडाचा दोर बाहेर पाण्यात लांबवर लोंबत होता, तो याच्या हाती लागला. कित्येक वाव खोल पाण्याखाली गेला तरी त्याने दोर सोडला नाही. त्याच दोराने ओढत कडेशी आणला आणि आकडा लावून वर घेतला. थोडा आजारी पडला, पण पुढे पुष्कळ वर्षं जगला, असं ब्रॅडफर्ड सांगतात. देवाची कृपा, असं त्यांना म्हणायचंय.

मी हे सगळं फलकावरून वाचून यांना सांगितलं. हे डोलकाठीपाशी उभे राहून दोर बघत होते. म्हणाले, "शिडं उतरवली होती ना? मग ती रस्सी बाहेर काय करत होती?"

"म्हणजे?"

"अगं, शीड उतरवलं की रस्सी वेटोळं करून खुंटीला लावायची. वादळात तर आधी ते. ती पाण्यात लोंबतेय म्हणजे कुणीतरी काम अर्धवट टाकलं होतं. माझ्या हाताखालचा असता तर मी सोलून काढला असता."

मी म्हटलं, "मग हाउलंड बुडाला असता."

यावर हे काही बोलले नाहीत. बोलायला काय होतं म्हणा. या माणसाचे आज वीसेक लाख वंशज असतील असा अंदाज सांगतात. त्यांत राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आहेत, दोन्ही बुश आहेत. हे सगळं कुणा एका खलाशाच्या आळशीपणावर उभं आहे असं माझ्या मनात आलं, आणि ते काही केल्या जाईना.

धक्क्यासमोरच कोल्स हिल नावाची टेकडी आहे. पहिल्या हिवाळ्यात निम्म्याच्या आसपास माणसं गेली, त्यांना इथे पुरलं. एलिझाबेथ टिली ही तेराएक वर्षांची मुलगी आईवडिलांबरोबर आली होती, दोघंही गेले. एप्रिल 1621 मध्ये गव्हर्नर कार्व्हर गेले, मागोमाग काही आठवड्यांत त्यांची बायको. हाउलंड मालक नसलेला नोकर झाला, म्हणजे मोकळा. एलिझाबेथ तेव्हा कार्व्हरांच्याच घरात आश्रयाला होती असं मानतात. 1623-24 च्या सुमारास दोघांनी लग्न केलं.

याच टेकडीवर मॅसासॉइटचा पुतळा आहे, वाम्पानोआग लोकांचा प्रमुख. ज्या जागी हे पाहुणे उतरले ते त्यांचं पटक्सेट गाव. काही वर्षांपूर्वीच साथीने अख्खं ओस पडलेलं. जमीन साफ केलेली, शेतं तयार, माणूस नाही. 1970 पासून दर थँक्सगिव्हिंगच्या अमेरिकन सणाला मूळ रहिवासी इथे जमून शोक दिन पाळतात, तसा फलकही आहे. पुतळ्याखालून समुद्र बघताना मघाची गोष्ट थोडी वेगळी दिसायला लागते. दोर कुणाला मिळाला आणि कुणाला नाही, हेही आलंच.

जेवून सँडविच स्ट्रीटवरच्या जेबेझ हाउलंडच्या घरी गेलो. जेबेझ हा जॉनचा मुलगा. 1667 च्या सुमाराचं हे लाकडी घर. मेफ्लॉवरवरची माणसं ज्यात खरोखर राहिली असं गावात उरलेलं हे एकच घर, असं सांगतात. खिडक्यांना इवल्या इवल्या काचा, डोक्याशी तुळया, आणि चूल एवढी रुंद की सूनबाई म्हणाली, "आपलं बॉस्टनचं स्वयंपाकघर यात मावेल."

चुलीपाशी मला तो माणूस जास्त कळला. ऐन उमेदीत त्याने बरंच केलं होतं. वसाहतीचं इंग्लंडमधल्या सावकारांचं 1800 पौंडांचं कर्ज ज्या आठ जणांनी अंगावर घेतलं, त्यांत हा एक. वर केनेबेक नदीवर बीव्हरच्या कातड्यांचं व्यापारी ठाणं सांभाळायचा. तिथे 1634 मध्ये भांडणात दोन माणसं मारली गेली. पण ब्रॅडफर्डनी 1651 च्या सुमारास सगळ्या प्रवाशांचा हिशेब मांडला, त्यात याच्याबद्दल नोंद काय? बायको जिवंत, दहा मुलं, दहाच्या दहा जिवंत. थोरलीला चार मुलं, दुसरीला एक, सगळी जिवंत. त्या यादीत इतर ठिकाणी 'वारला', 'वारली', 'पहिल्या हिवाळ्यात सगळे गेले' असं चाललेलं असताना ही ओळ येते. माझ्या आजीला अकरा मुलं झाली, वाढली सहा. म्हणून असेल, त्या नोंदीपुढे मी जरा थबकले.

जॉन 1673 च्या फेब्रुवारीत गेला. पुढे रॉकी नूकचं त्यांचं शेतावरचं घर जळालं आणि म्हातारी जेबेझच्या या घरात राहिली, असं इथे सांगतात. 1680 मध्ये जेबेझने घर विकलं, तेव्हा ती मुलगी लिडियाकडे स्वॉन्झीला गेली आणि 1687 मध्ये तिथेच वारली. तिचं मृत्युपत्र आहे. हॅना या मुलीला चादरी आणि उशीचे अभ्रे. लिडियाला मात्र चांगल्यातली पिसांची गादी, लोड, तीन ब्लँकेटं, हिरवं जाड पांघरूण, छोटं कपाट, पितळेचं लहान पातेलं, छोटं बायबल, उत्तमातल्या चादरी. शेवटी कुणी केलं ते कळतं. सूनबाईला मी हे मोठ्याने वाचून दाखवलं नाही, पण तिने वाचलं असावं.

बेरियल हिलची चढण यांच्या गुडघ्यांना जड गेली. वर पूर्वी किल्ला होता. आता जुन्या पाटीसारख्या काळ्या दगडांच्या थडग्यांमधून बंदर दिसतं. हाउलंडचा दगड वंशजांनी मागाहून बसवलेला. त्यावर जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी त्याचं लग्न झालं, असं मुद्दाम लिहिलंय. कारण कित्येक पिढ्या घरचेच लोक तिला कार्व्हरांच्या घराण्यातली समजत होते. ब्रॅडफर्डचं हस्तलिखित हरवलं होतं. ते 1855 मध्ये लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडलं, तेव्हा तिला तिचा बाप परत मिळाला. गव्हर्नरच्या घरातली म्हणणं ऐकायला बरं वाटत असणार. आपल्याकडेही घराण्याचा मूळपुरुष शोधायला निघालेले लोक पेशव्यांच्या अलीकडे थांबत नाहीत.

परतताना पार्किंग धक्क्याच्याच बाजूला होतं. हे म्हणाले, दोन मिनिटं, आणि जहाजाच्या दिशेने चालत गेले. तिकीट खिडकी बंद झाली होती. कठड्याला हात टेकून बराच वेळ वर बघत राहिले. मी जाऊन बाजूला उभी राहिले.

"काय बघताय?"

"सगळे दोर नीट गुंडाळून ठेवलेत," हे म्हणाले. आवाजात जरा नाराजी होती.