तुम्ही विचारलंत म्हणून: गिफ्टला कुठल्या कॉफी बीन्स घेऊ?

"ताई, मित्राकडं एस्प्रेसोचं मशीन आहे, वाढदिवसाला चांगल्या सिंगल-ओरिजिन बीन्स द्यायच्यात, एक नाव सांग फक्त." असा मेसेज महिन्यातून दोनतीनदा येतोच. (सिंगल-ओरिजिन म्हणजे एकाच भागातली किंवा एकाच मळ्यातली कॉफी, मिसळलेली नाही.) मग मी विचारते की मशीन कुठलंय, ग्राइंडर आहे का, दूध घालून पितो का, नेमकं कधी देणार, आणि समोरून येतं, "कामून एवढे प्रश्न विचारायलीस, गिफ्टच तर द्यायचंय!" काहींना वाटतं मी भाव खातेय. म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी मी पण एकच नाव सांगायचे. चिकमगळूरची अमुक इस्टेट, नॅचरल प्रोसेस म्हणजे फळासकट वाळवलेली, लाइट रोस्ट म्हणजे हलकी भाजलेली, घे डोळे झाकून. माल चांगला असला की कुणाच्याही हातात तो चांगलाच लागणार असं माझं ठाम मत होतं.

माझा दादा लातूरला असतो. बँकेच्या बदलीत सहा वर्षं बेंगळुरूला होता, तिथं कॉफीची गोडी लागली, परत आल्यावर एरियर्सच्या पैशातून त्यानं छोटं एस्प्रेसो मशीन आणि ग्राइंडर घेतला. रोज सकाळी दोन कप, त्याचा आणि वहिनीचा, दूध घालून. फेब्रुवारीत त्याला पन्नास पूर्ण होणार होती. मी दिवाळीच्या सेलमध्येच पाव किलोची चार पाकिटं घेऊन ठेवली, महाग होती, सूट मिळाली म्हणून खूश होते. ठेवली कुठं, तर फ्रिजच्या दारात, आलं-लसणाच्या पेस्टच्या शेजारी. तीन महिने.

वाढदिवसाच्या सकाळी घर भरलेलं, काका, आत्या, वहिनीच्या माहेरचे, सगळे. दादानं पाकीट फोडलं आणि म्हणाला, आज सगळ्यांना मीच पाजणार. 18 ग्राम मोजून घातली, बटण दाबलं. एरवी पंचवीस-तीस सेकंदांत 36 ग्रामच्या आसपास कॉफी उतरायची ती इथं दहा सेकंदांत धार लागून कपात, फिकट, वर क्रेमाचा, म्हणजे त्या तांबूस फेसाचा, पत्ता नाही. आंबट, आणि मागून एक कुबट चव. त्यानं ग्राइंड बारीक केला तर मशीन अडलं, थेंब थेंब पडायला लागलं. परत थोडा जाड केला, परत धार. एकेक कप सिंकमध्ये चालला होता. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं आलेल्या पाण्यासाठी ज्या घरानं रांगेत घागरी लावल्यात त्या घरात कप ओतून देणं काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही, प्रत्येक वेळी दादा हॉलकडं बघून मग ओतत होता. काका म्हणाले, "जाऊ दे रे, कोपऱ्यावरून चहा आणू." दादाचे कान लाल झालेले मला दिसत होते.

आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, बीन्स एक नंबर आहेत, तुझा ग्राइंड चुकतोय."

हे लिहायला मला चार वर्षं लागली.

त्यानंतर त्यानं मशीन फारसं लावलंच नाही. वर्षभरानं गेले तर ओट्यावर त्याच्यावर टॉवेल टाकलेला. वहिनी म्हणाली, "ते म्हणतात, आपला हातच तसा नाही." त्याच दिवशी तिला भाजीसाठी धने काढून देताना हातात तेच पाकीट आलं, झिप चांगली म्हणून तिनं धन्यांना ठेवलं होतं. खालच्या बाजूला रोस्टची तारीख छापलेली. मी सेलमध्ये घेतलं त्याच्याही दीड महिना आधीची. म्हणजे दादासमोर त्या बीन्स आल्या तेव्हा साडेचार महिने झालेले. भाजलेल्या बियांत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो, क्रेमा त्याच्याच जिवावर येतो आणि पाण्याला थोडा अडथळाही त्याचाच होतो, तो उडून गेल्यावर धार लागणारच. वर लाइट रोस्ट, बी कडक, त्यातून नीट चव काढायला चांगला ग्राइंडर लागतो, आणि दादा तर दूधवाला माणूस. त्याचा हात अजिबात चुकला नव्हता.

आपल्याकडं ज्याच्या घरी केशरची झाडं आहेत त्याला हे समजवायला लागत नाही. उतरवल्या दिवशी आंबा कापला तर आंबट, अढीत जास्त राहिला तर उतरला. कॉफीचं तसंच. भाजल्यावर पहिले तीनचार दिवस गॅस इतका असतो की शॉट, म्हणजे एका वेळी काढलेली एस्प्रेसो, नुसता फसफसतो. मीडियम रोस्टला आठदहा दिवस विश्रांती, लाइटला दोन आठवडे किंवा जास्त, आणि एस्प्रेसोसाठी साधारण दीड महिन्याच्या आत संपवलेली बरी. म्हणून मी तारीख विचारते. पाकिटामागं बाबाबुडननी येमेनहून आणलेल्या सात बियांची गोष्ट असते, इस्टेटची उंची असते, झाडाची जात सिलेक्शन 795 की चंद्रगिरी तेही असतं, पण रोस्टची तारीख नसेल, नुसतं बेस्ट बिफोर असेल, तर ते ठेवा परत. आणि दळून घेऊ नका, वास दळल्या दळल्या उडायला लागतो. ग्राइंडर नसेल तर मग बीन्स देऊच नका. एप्रिल-मेमध्ये पार्सल मागवलंत तर ते दिवसभर गाडीत तापत राहणार नाही एवढं बघा, आपल्याकडचं ऊन माहितीय. एक किलो घेऊ नका, पाव किलोत तेराएक शॉट होतात, पहिले तीनचार सेटिंग लावण्यातच जातात, हे देतानाच सांगा, म्हणजे समोरच्याला आपण नासाडी करतोय असं वाटत नाही.

मग काहीजण म्हणतात, एवढी कटकट आहे तर ब्लेंड म्हणजे मिश्रण दे ना, रोबस्टा ही कॉफीची कडक जात मिसळलेला, क्रेमा हमखास, दुधात पण छान. बरोबर आहे. दादाला तेव्हा तेच द्यायला हवं होतं, हे मान्य. तरी मी आजही सिंगल-ओरिजिनच देते. आमच्याकडं लेकीला ज्वारीचं पोतं पाठवताना ती आपल्याच रानातली पाठवतात, बाजारातली भरून नाही, कुठल्या तुकड्यातली आहे तेही सांगतात. एका डोंगरावरची, एका मळ्यातली कॉफी देताना मला तसंच वाटतं. पण मग प्रश्न येतोच की हे मी घेणाऱ्यासाठी करते का स्वतःसाठी? दादाच्या वेळी तर स्वतःसाठीच केलं, मला आवडलेली चव त्याला आवडायलाच पाहिजे हा हट्ट होता. आता तसं नाही असं म्हणवत नाही.

दादाला फोनवर सगळं सांगितलं. तारखेचं, फ्रिजचं, सगळ्यांसमोर बोलले त्याचं. म्हणाला, "जाऊ दे गं, त्यात काय." आवाज साधाच होता, त्यावरून काहीच कळलं नाही. मागच्या दिवाळीत अकरा दिवस झालेलं मीडियम रोस्टचं पाकीट घेऊन गेले, वॉश्ड म्हणजे गर धुऊन काढून वाळवलेल्या बियांचं, दुधात चालेल असं. तो म्हणाला, "ठेव तिथं." टॉवेल अजून मशीनवरच होता. फोडलं का हे मी विचारलं नाही, वहिनीनंही सांगितलं नाही, आणि आता तर ते पण जुनं झालं असेल.

तर सांगा. मशीन कुठलंय, ग्राइंडर आहे का, दूध घालतो का, आणि त्याच्या हातात पाकीट कुठल्या तारखेला देणार आहात?